भिंतीपलीकडचे वायफाय

फायबरची तार घरात शिरते ती बहुधा पुढच्या दारातून किंवा हॉलच्या खिडकीतून. जोडणी करणारा मुलगा ती सर्वांत जवळच्या प्लगपर्यंत आणतो, टीव्हीखालच्या कप्प्यात राउटर ठेवतो, त्याच्याशेजारी उभे राहून फोनवर स्पीड दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. इंटरनेट नेमके कुठल्या खोलीत लागणार आहे, हे त्या अर्ध्या तासात कोणी विचारत नाही. मुलांची अभ्यासाची खोली आणि आजोबांचा पलंग मागच्या बाजूला असतो, ऑफिसच्या कामाचे टेबल वरच्या मजल्यावर असते, आणि रेंज नेमकी तिथेच नसते. तक्रार केली की मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळतो. तो घेऊनही मागच्या खोलीत काही बदलत नाही, कारण १०० मेगाबिटचे ३०० मेगाबिट केल्याने भिंत पातळ होत नाही.

घरात, दुकानात किंवा होमस्टेमध्ये वायफाय सगळीकडे पोहोचवायचे तर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे काम राउटरची ताकद वाढवून होत नाही, लहरींचा उगम माणसाजवळ नेऊन होते. आणि उगम जवळ नेण्याचे सर्वांत भरवशाचे साधन आजही तारच आहे.

लहर आणि भिंत

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही लहरीपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले, तेव्हा या तंत्राची वाट मोकळी झाली. १९९७ मध्ये पहिले प्रमाणक ठरले. त्याचा वेग होता सेकंदाला फक्त २ मेगाबिट. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. आजचे बहुतेक राउटर या दोन्ही पट्ट्यांवर चालतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिल्लक राहून बाहेर पडते. पण तिचा वेग कमी आणि तिथे शेजाऱ्यांची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर साडेपाच-सहा सेंटिमीटरची. ती वेगवान आहे, पण मोकळ्या मैदानातही तेवढ्याच अंतरावर सुमारे ७ डेसिबलने क्षीण पोहोचते आणि भिंतीत आणखी मार खाते. डेसिबलचा हिशेब सोपा आहे. ३ डेसिबल घटले की शक्ती निम्मी उरते, १० घटले की एक दशांश.

साध्या विटेची भिंत ओलांडताना साधारण ६ ते १० डेसिबल खर्च होतात. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये १५-२० किंवा त्याहूनही जास्त, म्हणून बंगल्यात खालच्या मजल्यावरच्या राउटरची रेंज स्लॅब ओलांडून वर जाईपर्यंत संपून जाते. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंती जाडीमुळे लहर अडवतात. पत्रा, लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा तिला परतवून लावतात. पाणी तिला शोषून घेते. गच्चीवरची भरलेली टाकी आणि भिंतीला लागून ठेवलेला माशांचा टँक हे दोन्ही तिच्या वाटेतले अडथळेच. भिंत तिरकी ओलांडावी लागली तर तिची जाडी वाढते. ४५ अंशांत ती सुमारे १.४ पट होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इंटरनेटचा व्यवहार दुतर्फा आहे. राउटरचे फोनला ऐकू आले तरी फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचले नाही, तर पान उघडत नाही. फोनची बॅटरी लहान आणि प्रक्षेपणशक्ती मर्यादित. म्हणून चार-सहा उंच अँटेनांचा, 'हाय पॉवर' लिहिलेला राउटर आणला की फोनवर रेघा वाढलेल्या दिसतात, पण व्हिडिओ कॉल अडखळतच राहतो.

खरेदीच्या आधी मोजणी

कुठलेही यंत्र विकत घेण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथेच वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे आणि घरातली कोणतीही युक्ती तो दुरुस्त करणार नाही. दुसरी, अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. ते उणे आकड्यांत डीबीएम दाखवते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो, उणे ७० नंतर कुरबुर सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडे भरवसा उरत नाही. उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचा फरक आहे, हे लक्षात ठेवा. घराचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक खोलीत हे आकडे लिहिले की दुखणे कुठे आहे ते कागदावर स्पष्ट दिसते.

पैसे न लागणारे उपाय

सर्वांत मोठा फरक जागेने पडतो. राउटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर निम्मे काम भिंती आणि पत्रे तापवण्यात घालवतो. फायबर लांबवायची नसेल तर ती जिथे संपते ती पेटी दाराजवळच राहू द्या, तिच्यातून नेटवर्क केबल काढा आणि राउटर मध्यभागी न्या. काचेची ती तार स्वतः ओढू नका. कोपऱ्यात तीव्र वाकवली की प्रकाश गळतो आणि वेग पडतो.

उभ्या काडीसारख्या अँटेनेतून लहरी मेदुवड्याच्या आकारात पसरतात. आडव्या दिशेला भरपूर, वर-खाली फार थोड्या. एकाच मजल्यावरचे घर असेल तर सगळ्या अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर पोहोचायचे असेल तर एखादी आडवी करून पाहा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी चॅनेलही तपासावे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारचे दहा राउटर त्याच चॅनेलवर असतील तर सगळे एकमेकांची वाट पाहत थांबतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्वांत रिकामे चॅनेल निवडायला पाच मिनिटे लागतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, तेव्हा राउटर त्याच्यापासून दूर ठेवा आणि राउटरच्या जवळ बसणाऱ्यांना ५ गिगाहर्ट्झवर न्या.

रिपीटर, मेश आणि तार

एवढ्याने भागले नाही तर तीन मार्ग उरतात.

सर्वांत स्वस्त रिपीटर, ज्याला दुकानदार एक्स्टेंडर म्हणतो. तो राउटरचे ऐकतो आणि तेच पुढे सांगतो. ऐकणे आणि बोलणे एकाच पट्ट्यावर असेल तर वेग साधारण निम्मा होतो. रिपीटर हमखास चुकीच्या जागी लावला जातो, म्हणजे जिथे रेंज नाही तिथेच. त्यालाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढे काय देणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, उणे ६५ च्या आसपास सिग्नल मिळेल तिथे. बातम्या वाचण्यापुरते किंवा निरोप पाठवण्यापुरते नेट हवे असेल तर तो पुरेसा आहे.

दुसरा मार्ग मेशचा. दोन-तीन सारखी यंत्रे एकाच नावाने, एकमेकांशी समन्वयाने चालतात आणि फिरणारा फोन जवळच्या यंत्राकडे सोपवतात. तीन पट्ट्यांच्या संचात एक पट्टा यंत्रांच्या आपसातल्या दळणवळणाला राखून ठेवता येतो, त्यामुळे वेग फारसा घटत नाही. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोक पाडता येत नाही, तिथे मेश हा चांगला पर्याय आहे. पण यंत्रांच्या मधे काँक्रीटची भिंत आली तर तोही रिपीटरइतकाच हतबल होतो.

तिसरा मार्ग तारेचा, आणि जमेल तिथे तोच पत्करावा. मुख्य राउटरपासून दूरच्या खोलीपर्यंत कॅट सिक्स केबल न्यायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा. केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. भिंत, स्लॅब, आरसा यांचा तिला काही फरक पडत नाही. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट याच केबलमधून वीजही घेतात, म्हणजे तिथे वेगळा प्लग लागत नाही आणि हॉलमधल्या एका इन्व्हर्टरवर सगळे चालते. मेशची यंत्रेही तारेने जोडता येतात; तेव्हा ती खऱ्या अर्थाने कामाला लागतात.

अ‍ॅक्सेस पॉइंट नवाच हवा असे नाही. घरात पडून असलेला जुना राउटर चालतो. त्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, त्याचे डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा. वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे. नावे वेगवेगळी ठेवली तर मागच्या खोलीत जाताना प्रत्येकाला हाताने जोडणी बदलावी लागते.

अंगण, गोठा आणि शेतघर

घराबाहेरचा हिशेब वेगळा. गोठ्यातला कॅमेरा किंवा परसातली होमस्टेची खोली ३०-४० मीटरवर असेल तर बाहेर वापरायची केबल नळीतून नेऊन तिथे उन्हापावसाला टिकणारा अ‍ॅक्सेस पॉइंट लावता येतो. मात्र दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकली की वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचा धोका येतो. एक कडकडाट दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो. म्हणून इमारतींमधल्या अंतराला फायबर उत्तम. तिच्यातून वीज वाहत नाही आणि १०० मीटरची मर्यादाही तिला नाही. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावले की काम होते. तांबेच टाकायचे असेल तर सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवेच.

शेतघर अर्ध्या-एक किलोमीटरवर असेल तर ५ गिगाहर्ट्झची दोन दिशादर्शी यंत्रे समोरासमोर लावून दुवा बांधता येतो. अट एकच: दोन्ही यंत्रे एकमेकांना स्पष्ट दिसली पाहिजेत, आणि त्या रेषेभोवती थोडी मोकळी जागाही हवी. एक किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर हा मोकळा पट्टा सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येचा असतो; त्यातला निदान ६० टक्के भाग अडथळ्याविना ठेवावा. तुटलेल्या उसाच्या शेतावरून बांधलेला दुवा नवा ऊस पुरुषभर उंच झाला की दगा देतो, आणि मधले आंब्याचे झाड पावसात भिजल्यावर जास्त अडवते. एवढ्या अंतरात खुद्द पावसाचा परिणाम नगण्य असतो, अडवतो तो ओला पाला. म्हणून यंत्रे बसवताना पीक आणि झाडे वर्षभरात किती वाढतील ते धरून खांबाची उंची ठरवा.

हेच तत्त्व गावाच्या पातळीवरही उपयोगी पडले आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने 'ग्राममार्ग' प्रकल्पात आजच्या पालघर जिल्ह्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांमध्ये प्रयोग केला. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या, लांब पल्ल्याच्या आणि झाडीतून जाऊ शकणाऱ्या लहरींनी इंटरनेट गावापर्यंत आणायचे आणि तिथून माणसांच्या हातात वायफायने द्यायचे, अशी ती रचना. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पुरस्कार मिळाला. वायफायला लांब पळवण्याऐवजी त्याचा उगम लोकांजवळ आणायचा, हा विचार त्यातही आहे.

दुकान, अभ्यासिका, मंगल कार्यालय

जिथे माणसे जास्त तिथे प्रश्न अंतरापेक्षा गर्दीचा असतो. हवा सगळ्यांना एकच आहे. एका वेळी एका चॅनेलवर एकच यंत्र बोलते, आणि दूरवरचा मंद जोडणीचा फोन सगळ्यांचा वेळ खातो. म्हणून अभ्यासिकेत किंवा कार्यालयात एक बलाढ्य राउटर लावण्याऐवजी तारेने जोडलेले तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट कमी शक्तीवर आणि वेगळ्या चॅनेलवर चालवावेत.

ग्राहकांसाठी आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवा. बिलिंगचा संगणक आणि कॅमेरे त्यांच्या जाळ्यात नकोत. आणि रेंज रस्त्यापर्यंत पोहोचली की जबाबदारीही तिथपर्यंत पोहोचते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात निघाले आणि निर्दोष रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा, मोठा पासवर्ड आणि राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणे, एवढे प्रत्येकाने करावे.

ज्यांना इतरांना वायफाय रीतसर द्यायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. किराणा दुकानदारही परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय तिच्यातून सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. मोबाइलच्या सिग्नलचा बूस्टर मात्र स्वतः विकत घेऊन लावू नका. वायफायचा रिपीटर कायदेशीर आहे, मोबाइलचा खासगी बूस्टर बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचे नेटवर्क बिघडते. घरात मोबाइलला रेंज नसेल तर चांगल्या वायफायवर फोनमधले वायफाय कॉलिंग सुरू करा.

नवी यंत्रे येत राहतील. ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग घरगुती वापराला खुला करण्याचा मसुदा २०२५ मध्ये निघाला. त्या लहरी आणखी वेगवान आहेत आणि भिंतीपुढे आणखी दुबळ्या. म्हणजे पुढच्या काळात प्रत्येक खोलीला उगम जवळ लागेल आणि तारेची गरज वाढेलच. म्हणून घर बांधणाऱ्या, रंग काढणाऱ्या किंवा वायरिंग बदलणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती: भिंतीचे प्लास्टर बंद होण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत, गच्चीपर्यंत आणि फाटकापर्यंत विजेच्या तारांपासून वेगळी एक रिकामी नळी टाकून ठेवा. तिचा खर्च आज अगदी किरकोळ आहे. प्लास्टर झाल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागेल.