येरवडा जेल कंपनीकडे दिलं तर? चार गैरसमज

सरकारी कारभाराला वैतागलं की ‘खासगी करून टाका’ हा सल्ला ठरलेलाच. तुरुंगांबाबतही तो अधूनमधून ऐकू येतो. त्यामागची गृहीतकं तपासून पाहू.

गैरसमज 1 : येरवड्यात कारखाने आहेत, म्हणजे जेल नफ्यावरच चालतं.
वस्तुस्थिती : 1871 साली बांधलेल्या या कारागृहात हातमाग, सुतारकाम, शिवणकाम चालतं. इथलं फर्निचर सरकारी कचेऱ्यांत जातं. मात्र पैसा येतो तो सरकारकडे, आणि बंद्याच्या खात्यावर मजुरी जमा होते. कैद्यांना रास्त मजुरी द्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये बजावलं. याच कमाईच्या भरवशावर 2022 मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली : राज्य सहकारी बँकेचं 50 हजारांपर्यंतचं कर्ज, 7 टक्के व्याजाने. घरचं आजारपण, मुलांची फी, वकिलाचा खर्च भागावा, हा हेतू.

गैरसमज 2 : टेंडर काढलं की झालं.
वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. भारतात एकही तुरुंग खासगी कंपनी चालवत नाही. धुलाईचं कंत्राट देणं वेगळं आणि माणसाला कोंडण्याचा, शिस्तभंगाची शिक्षा देण्याचा अधिकार देणं वेगळं. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये याच मुद्द्यावर खासगी तुरुंगाचा कायदा रद्द केला.

गैरसमज 3 : अमेरिकेत सगळे तुरुंग खासगीच आहेत, आणि ते स्वस्त व चोख चालतात.
वस्तुस्थिती : तिथे खासगी तुरुंगांत जेमतेम 8 टक्के कैदी आहेत. काही करारांत 80 ते 100 टक्के खाटा भरलेल्या राहतील, अशी हमीच सरकारने दिली होती. संघीय सरकारच्या 2016 च्या तपासणीत कंत्राटी तुरुंगांत सुरक्षाभंगाचे प्रकार सरकारी तुरुंगांपेक्षा जास्त आढळले. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग इतका हाताबाहेर गेला की 2018 मध्ये सरकारला तो कंपनीकडून परत घ्यावा लागला.

गैरसमज 4 : गर्दीवर तोच उपाय.
वस्तुस्थिती : 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 4,36,266 जणांच्या जागेत 5,73,220 माणसं होती. त्यांतले सुमारे 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. येरवड्यातही क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी राहिले आहेत. ही गर्दी खटला रखडल्याने, जामीनदार न मिळाल्याने होते. माणशी पैसे मिळणाऱ्या कंपनीला ती हटवण्याची घाई कशाला असेल?

इलाज कायद्यातच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत नाही. कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. ओळखीतलं कुणी असं अडकलं असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. वकील मोफत मिळतो.