संगणक सुरक्षा, घरगुती

घरी वापरल्या जाणाऱ्या संगणकातील माहितीचे चोरी, नाश व अनधिकृत फेरफार यांपासून रक्षण करण्याच्या उपाययोजनेस घरगुती संगणक सुरक्षा असे म्हणतात. या उपाययोजनेचा बराच भाग संगणकाच्या परिचालन प्रणालीतच अंतर्भूत असतो. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि वापरणाऱ्याच्या आज्ञावल्या यांच्यात मध्यस्थी करणारी मूळ आज्ञावली होय. विंडोज, मॅकओएस व लिनक्स ही तिची प्रचलित उदाहरणे होत [⟶ संगणक]. कोणती आज्ञावली चालू द्यावयाची, कोणती फाइल कोणास उघडू द्यावयाची आणि बाहेरच्या जाळ्यातून आलेली कोणती विनंती स्वीकारावयाची, हे तीच ठरविते. त्यामुळे वेगळी संरक्षक आज्ञावली विकत घेण्यापूर्वी ही अंगभूत साधने चालू आहेत की नाहीत व ती नीट वापरली जातात की नाहीत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

इतिहास : एकाच मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करीत असल्यामुळे युनिक्स या प्रणालीत प्रत्येकाचे खाते व अधिकार प्रथमपासूनच वेगळे ठेवलेले होते. व्यक्तिगत संगणकाबरोबर १९८१ मध्ये आलेल्या डॉस प्रणालीत मात्र अशी विभागणी नव्हती. संगणक एकाच माणसाचा व एकटाच असणार, हे त्यामागील गृहीत होते. आंतरजालामुळे ते खोटे ठरले. भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. विंडोज एक्सपी (२००१) या प्रणालीत फायरवॉल होती. परंतु ती मुळात चालू नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा संगणकी कृमी जगभर पसरल्यानंतर, ऑगस्ट २००४ च्या सुधारित आवृत्तीपासून ती आपोआप चालू राहू लागली. महत्त्वाच्या बदलांपूर्वी संमती मागण्याची पद्धत विंडोज व्हिस्टामध्ये (२००७) आली, तर विंडोज ८ पासून (२०१२) विषाणुरोधक आज्ञावली प्रणालीचाच भाग झाली. अनोळखी आज्ञावली उघडण्यापूर्वी तिची पारख करणारे गेटकीपर हे साधन मॅक संगणकांवर २०१२ मध्येच आले.

रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण : पेणच्या उत्तरेकडील उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक आज्ञावलीने जगभरातील अनेक कंपन्यांचे संगणक निकामी केले. त्यांत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा समावेश होता, आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील कंटेनर टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. मूळ आघात युक्रेनमधील एका हिशेबविषयक आज्ञावलीच्या मार्गाने झाला होता. त्याचे पडसाद रायगडच्या किनाऱ्यावर उमटले.

ही घटना मोठ्या कंपनीतील असली, तरी तिचे मर्म घरगुती संगणकासही लागू पडते. नॉटपेट्या मुख्यतः दोन वाटांनी पसरली. विंडोजमधील एक दोष ही पहिली वाट होय. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ आधी, उपलब्ध करून दिली होती. दुसरी वाट अधिकारांच्या गैरवापराची. एका संगणकाच्या स्मृतीतून व्यवस्थापकाचे परवलीचे शब्द मिळवून ती इतर संगणकांत शिरे. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही तिच्या तावडीत सापडले. ती पडद्यावर खंडणी मागत असे, परंतु पैसे देऊन माहिती परत मिळण्याची सोय तिच्या रचनेतच नव्हती. मर्स्कच्या जाळ्यातील खात्यांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या संगणकांपैकी घाना देशातील एक तेवढा वाचला. तेथे त्या वेळी वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता, आणि त्याच्यावरील प्रतीच्या आधारे ही नोंद पुन्हा उभारता आली. वेळेवर दुरुस्ती, मर्यादित अधिकार व जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत या तीन गोष्टींचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. यांपैकी कोणतीही एक पुरेशी नसते.

अद्ययावतन : आज्ञावलीतील दोष उघड झाला, की तिचे निर्माते दुरुस्ती प्रसिद्ध करतात. तथापि त्याच दुरुस्तीवरून तो दोष हल्लेखोरांनाही समजतो. म्हणून अद्ययावतन लांबणीवर टाकणे धोक्याचे असते. ते आपोआप होऊ द्यावे. प्रणालीचे आयुष्य संपले असल्यास इतर साधनांचा उपयोग मर्यादित राहतो. विंडोज १० या प्रणालीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढे मर्यादित काळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळण्यासाठी वेगळ्या नोंदणीची सोय ठेवण्यात आली. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यावर लिनक्सची चालू आवृत्ती बसविणे हा एक पर्याय असतो.

खाती व अधिकार : विंडोज संगणकावर निर्माण होणारे पहिले खाते व्यवस्थापकाचे असते, आणि अनेक घरांत सर्व कुटुंब तेच वापरते. ही सवय सोयीची, पण घातक असते. कोणतीही आज्ञावली ती चालविणाऱ्याच्या अधिकारांनिशी काम करते. मुलाने खेळ म्हणून उतरवून घेतलेली फाइल व्यवस्थापकाच्या खात्यातून चालली व तिला संमती दिली गेली, तर तिला संपूर्ण संगणक मोकळा होतो. तीच मर्यादित खात्यातून चालल्यास हानी बहुधा त्या खात्यापुरती राहते. याकरिता व्यवस्थापकाचे खाते वेगळे ठेवून ते केवळ नवी आज्ञावली बसविण्यासाठी वापरावे आणि दैनंदिन कामासाठी प्रत्येकास साधे खाते द्यावे. संमती मागणारी चौकट अकारण दिसू लागल्यास ‘नाही’ हेच उत्तर योग्य होय.

फायरवॉल व विषाणुरोधक : बाहेरून आलेली अनाहूत जोडणी फायरवॉल अडविते. विषाणुरोधक आज्ञावली फाइलींची ओळख व त्यांचे वर्तन तपासते. विंडोजमधील नियंत्रित फोल्डर प्रवेश ही सोय (२०१७) अनोळखी आज्ञावलीस ठरावीक फोल्डरांतील फाइली बदलू देत नाही. ती मुळात बंद असते व मुद्दाम चालू करावी लागते. विनापरवाना प्रतींसोबत ‘संरक्षण बंद करून बसवा’ अशी सूचना पुष्कळदा येते. ती पाळणे म्हणजे चोराच्या सांगण्यावरून दाराची कडी काढणे होय. छपाईसाठी दुकानोदुकानी फिरणारा पेनड्राइव्हही उघडण्यापूर्वी तपासून घ्यावा. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रथम आढळलेल्या कॉनफिकर कृमीच्या काही प्रकारांचा प्रसार याच मार्गाने झाला होता.

सांकेतिकीकरण : संगणक चोरीस गेल्यास प्रवेशाचा परवलीचा शब्द पुरत नाही, कारण तबकडी काढून ती दुसऱ्या संगणकास जोडता येते. विंडोजमधील बिटलॉकर व मॅकमधील फाइलव्हॉल्ट ही साधने तबकडीवरील माहिती संकेतबद्ध करतात. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत याचेच साधे रूप काही संगणकांवर मिळते. मात्र पुनःप्राप्तीची किल्ली हरविल्यास मालकासही माहिती मिळत नाही. म्हणून ती कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

राखीव प्रत : विंडोजमधील फाइल हिस्टरी व मॅकमधील टाइम मशीन ही साधने बाह्य तबकडीवर फाइलींच्या क्रमशः प्रती ठेवतात. तबकडी कायम जोडलेली असल्यास खंडणीखोर आज्ञावली मूळ फाइलींबरोबर प्रतींचाही नाश करू शकते. प्रत काढून झाल्यावर तबकडी सोडवून ठेवणे, आणि अधूनमधून एखादी फाइल तीवरून परत मिळवून पाहणे, हे दोन्ही नियम पाळावे लागतात.

पेण व रोहे परिसरातील उपयोजन : पेण हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असून हमरापूर, जोहे इ. गावांतही हा व्यवसाय चालतो. मूर्ती मुंबई-पुण्याकडे व परदेशीही जातात. अशा कारखान्याच्या मागण्यांची यादी, मूर्तींची छायाचित्रे व येणे-देणे घरातील संगणकावर असल्यास, आषाढ-श्रावणात ती नाहीशी होणे म्हणजे वर्षाच्या कमाईस धक्का बसणे होय. भाद्रपदातील चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. येथे हिशेबाचे खाते कुटुंबाच्या इतर वापरापासून वेगळे ठेवणे व हंगामात रोज प्रत काढणे हाच व्यवहार्य उपाय होय. रोहे येथे, कुंडलिका नदीच्या काठी, तसेच धाटाव औद्योगिक वसाहतीच्या परिसरात घरून कार्यालयीन काम करणाऱ्यांनी कामाचे खाते मुलांच्या खात्याहून निराळे राखावे. अतिवृष्टी, पूर व वीजखंड हे या भागातील नेहमीचे संकट आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याची मोठी हानी केली. अशा आपत्तीत संगणक व शेजारची तबकडी एकाच वेळी भिजू शकतात. यासाठी दुसरी प्रत उंचावर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे संकेतबद्ध करून ठेवणे हिताचे असते.

मर्यादा : वापरणाऱ्याने स्वतःहून दिलेल्या संमतीपुढे अंगभूत साधने बहुधा निष्प्रभ ठरतात. बँकेचा किंवा वीज कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून कोणी दूरनियंत्रणाची आज्ञावली बसवून घेतली, किंवा एकवार वापराचा संकेतांक विचारून घेतला, तर फायरवॉलला त्यात गैर काही दिसत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये असे प्रकार दंडनीय असून आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या दूरध्वनी क्रमांकावर करता येते. ती जितकी लवकर होईल, तितकी पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. दाराला कुलूप असते. ते लावणे आणि दार कोणाला उघडावयाचे हे ठरविणे, ही दोन कामे घरातील माणसांकडेच राहतात.