चार जिभा, एक बाटली

आमच्या लिंबागणेशाचं नाव बीड जिल्ह्याबाहेर जातं ते भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळांमुळे. तिथल्या माणसाने रेड वाईनवर लेख लिहावा हे गावातल्या कित्येकांना रुचणार नाही, आणि त्यामागचं कारण मला पटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची दारूने कशी वाताहत केली, हे आम्ही लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आधीच सांगतो, वाईन ही दारूच आहे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ‘रोज एक पेला रेड वाईन हृदयाला चांगली’ ही समजूतही सोडून द्यावी. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

तरीही मी ती थोडी, मोजून आणि चार जणांत बसून घेतो. मला तिच्यात शेती दिसते. एकट्याने प्यायली तर मात्र ती दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि ठिबकच्या कामाने नाशिकला आलो. इथे द्राक्षबागांतून हिंडता हिंडता आमची मंडळी जमली. निफाडकडचे एक बागायतदार, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, दातांच्या एक डॉक्टर बाई, त्यांचे यजमान आणि अधूनमधून येणारे एक-दोघं. महिन्यातून एखादा शनिवार ठरवतो. ज्याच्या घरी बैठक, त्याने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आकडे टाकून ठेवायच्या. लेबल कुणालाच दिसता कामा नये. प्रत्येक पेल्यात जेमतेम तीन-चार घोट. मधोमध थुंकायला एक भांडं, पाण्याचा तांब्या, साधा पाव. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर आपलं लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं.

हा गप्प राहण्याचा नियम फार मोलाचा. एकाने ‘वा, काय वाईन आहे!’ म्हटलं की बाकीच्यांची जीभ त्याच्या मागे जाते. झाकून चाखण्याने काय घडू शकतं, याचा दाखला वाईनच्या इतिहासातच आहे. स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्ये वाईनचं दुकान चालवत होता. २४ मे १९७६ रोजी त्याने फ्रान्समधल्या नऊ नामांकित परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन झाकून ठेवल्या. रेडमध्ये बोर्दोच्या बड्या घराण्यांना मागे टाकून पहिली आली कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ सालची कॅबर्ने सोविन्याँ. लेबल दिसत असतं तर हा निकाल लागला नसता, असं माझं ठाम मत आहे. आणि आपल्या अभिमानाची गोष्ट अशी की, हाच स्परियर पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बागांपर्यंत आला. तिथल्या फ्रातेल्ली कंपनीचे इटालियन वाईनमेकर पिएरो मासी यांच्यासोबत त्याने ‘एम/एस’ नावाच्या वाईन केल्या. २०२१ मध्ये तो वारला. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी मिळून उभी केलेली ही कंपनी. तिची ‘सेत्ते’ ही सांजोवेसे आणि कॅबर्ने यांच्या मिश्रणाची रेड आमच्या बैठकीत गुंडाळून आली की बहुतेक वेळा वरचा नंबर घेते.

आता पेल्यात बघायचं काय? पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरा. कडेला जांभळी झाक असेल तर वाईन तरुण, विटकरी झाक असेल तर तिचं वय झालेलं. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यायचा. इथेच बैठकीला खरा रंग चढतो. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात ॲन नोबल या संशोधक बाईंनी १९८४ च्या सुमाराला वासांचं एक चक्र तयार केलं. त्यामागचा आग्रह असा की ‘सुंदर’, ‘भारदस्त’ असे शब्द नकोत, नाकाला लागलेल्या नेमक्या वस्तूचं नाव सांगा. आम्ही तेच करतो, फक्त वस्तू आपल्या घरातल्या. डॉक्टर बाईंना लवंग पटकन सापडते. बँकेतले साहेब जांभूळ आणि करवंद यांत गल्लत होऊ देत नाहीत. मला ओल्या मुरमाचा वास लगेच कळतो.

हे मनाचे खेळ नाहीत. शिराझच्या पेल्यात काळ्या मिरीचा वास येतो, कारण मिरीत असतो तोच रोटंडोन नावाचा घटक शिराझच्या द्राक्षातही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो दाखवून दिला. कॅबर्नेत ढोबळी मिरचीचा हिरवट वास आला तर समजावं की द्राक्ष पुरतं पिकायच्या आत तोडलंय. लाकडाच्या पिंपात, म्हणजे बहुधा २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरवलेली असेल तर व्हॅनिलाचा वास लागतो. एकाला मिरी लागते, दुसऱ्याला लागत नाही. काही माणसांच्या नाकाला रोटंडोन कळतच नाही. ज्याला लागत नाही त्याने लागल्याचं सांगू नये, एवढाच आमचा दंडक.

वडील एकदा फेब्रुवारीत नाशिकला आले होते. आण्णा माळकरी, वाईनला शिवायचा प्रश्नच नव्हता. पण बाग बघायची म्हणाले, म्हणून दिंडोरीकडच्या एका कॅबर्नेच्या बागेत घेऊन गेलो. तोडणी सुरू होती. आण्णांनी घडातला एक मणी तोडून तोंडात टाकला, चावला, बिया तळहातावर काढल्या आणि बराच वेळ जिभेवर साल घोळवत राहिले.

‘ह्यात खायाला हाय काय? सगळी सालच की,’ ते म्हणाले.

‘आण्णा, ह्यांना सालच पाहिजे असती,’ मी म्हणालो.

रेड वाईनचं मर्म त्या सालीत आहे. काळ्या द्राक्षाचासुद्धा रस बहुतेक वाणांत पांढुरकाच निघतो. लाल रंग आणि घशाला जाणवणारा तुरटपणा सालीतून उतरतो. म्हणून रस, साल आणि बिया एकत्रच आंबवतात, साधारण आठवडा-दोन आठवडे. साली वर तरंगून थर धरतात, तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. खाण्याच्या द्राक्षाचं सगळं उलटं. तिथे घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मणी फुगवतात, कारण गिऱ्हाइकाला मोठा मणी लागतो. वाईनच्या बागेत मण्यांत रंग उतरू लागला की पाणी हात राखून देतात, वेलीवरचे जास्तीचे घडही काढून टाकतात. माल कमी निघतो, पण रंग, वास आणि साखर एकवटते.

हे ऐकून आण्णा म्हणाले, ‘आपल्या डोंगरातल्या सीताफळाचं तसंच हाय. पाणी पाजलेलं फळ फुगतं, पर गोडी मुरमाडावरच्यालाच.’ बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बालाघाटाच्या ह्याच हलक्या जमिनीच्या जोरावर.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळ छाटणी, आणि माल निघतो जानेवारी ते मार्च. कोरडी हवा, दिवसा ऊन, रात्री गारवा. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला वाईन केली, १९९९ मध्ये राजीव सामंतांनी नाशिकजवळ सुला उभी केली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. हे सगळं त्या फेब्रुवारीच्या रात्रींवर उभं आहे. पण अवकाळी आली की सगळं पाण्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा आणि नाशिक दोन्हीकडची शेतं झोडपली. आमचे निफाडचे बागायतदार बाटलीवरचं साल वाचतात ते असंच. कागद सोडला की आधी साल बघतात आणि त्या वर्षी थंडी कशी होती, पाऊस कुठे पडला, भुरी किती आली ते सांगतात. तेवढ्या पाच मिनिटांत मी जे शिकतो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

जेवणाबाबत मी थोडा हट्टी आहे. काळ्या मसाल्याच्या जहाल मटण रश्श्यासोबत तुरट कॅबर्ने लावू नये. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्तच झोंबतात, मसालाही मरतो आणि वाईनही. त्यापेक्षा तिखट बेताचं ठेवून केलेलं सुकं मटण घ्या आणि सोबत फळाचा गोडवा असलेली शिराझ. टोमॅटोच्या आंबट भाजीला सांजोवेसे छान जाते, कारण तिच्या अंगातच आंबटपणा आहे. आणि रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीत नव्हे! १६ ते १८ अंश बरं पडतं. त्यासाठी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा.

नाशिक किंवा अकलूजच्या वायनरीत जायचंच असेल तर फेब्रुवारीत जा. पेल्याकडे नंतर वळा, आधी बागेत जाऊन परवानगीने एक मणी तोडा आणि साल नीट चावून बघा. सोबत तीन-चार माणसं असू द्या, त्यातला एक तरी शेतकरी असावा. जो पीत नाही त्याला आग्रह करू नका, त्याचं बागेबद्दलचं म्हणणं मात्र ऐकून घ्या. आणि परत गाडी चालवायची असेल त्याने घोटभरही घेऊ नये.