पहाडी रायफलीचे वजन

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वताच्या माथ्यावर, जेथे वृक्षांची शेवटची रांग खाली राहते आणि वर खुरटे गवत, सुटे दगड व कडे एवढेच उरते, तेथे बिगहॉर्न जातीचा रानमेंढा राहतो. पुरत्या वाढीच्या नराचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाऊ शकते, मस्तकावर वळलेल्या शिंगांचा भार असतो, आणि दृष्टी इतकी तीक्ष्ण असते की दूरच्या उतारावर हललेला माणूसही त्याच्या नजरेतून सुटत नाही. हा प्राणी विसाव्याला बसतो तो बहुधा खालच्या मुलुखावर नजर ठेवून; म्हणून त्याच्या मागावरील जाणत्या शिकाऱ्यास दुसऱ्याच सोंडेने चढून त्याच्याही वरची जागा गाठावी लागते. एवढा प्रयास करूनही पुष्कळदा असे होते की मध्ये एखादी उघडी घळ आडवी येते, पुढे सरकण्यास आडोसा उरत नाही, आणि तीनशे वारांवरून नेम धरावा की रिकाम्या हाताने परतावे, हा निर्णय तेथल्या तेथे करावा लागतो. डोंगरात नेण्याची रायफल कशी असावी हा प्रश्न दुकानाच्या फळीपाशी विचारला तर त्याचे उत्तर एक येते, आणि त्या घळीच्या काठावर विचारला तर निराळे येते.

त्या एका हत्याराकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या जातात, हे या प्रश्नाचे मूळ आहे. सहा-सात दिवसांच्या भ्रमंतीत रायफल जवळजवळ सर्व काळ खांद्यावरच असते, आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांवर, विरळ हवेत, पाठीवर तंबू व शिधा घेऊन चढणाऱ्या माणसास अर्धा किलो कमी झाल्याचे सुख पहिल्या दिवशी नसले तरी चौथ्या दिवशी निश्चित जाणवते. परंतु ज्या एका मिनिटासाठी हा सारा खटाटोप केलेला असतो, त्या मिनिटास हेच हलकेपण मारक ठरते. जड वस्तूच्या अंगी जे जडत्व असते, ते श्वासाचे हेलकावे आणि नाडीचे ठोके नळीच्या टोकापर्यंत पोहोचू देत नाही. हलकी रायफल ते सर्व इमानेइतबारे पोहोचवते. शिवाय चाप ओढण्यास साधारण सव्वा ते दीड किलोचा दाब लागत असेल आणि रायफलच जेमतेम दोन-सव्वादोन किलोची असेल, तर बोटाच्या ओढीनेच तिचे तोंड ढळू लागते.

यात धक्क्याचे गणित मिळवावे लागते. तेच काडतूस, तीच गोळी आणि तोच वेग गृहीत धरला, तर रायफल मागे येते त्या उसळीतील ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे आठ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली की खांद्यावर येणारी ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. हा धक्का शरीरास इजा करतो त्यापेक्षा मनास अधिक करतो. सरावाच्या मैदानावर दहा-वीस वेळा तो सोसला की चाप ओढण्याच्या क्षणाआधीच डोळा मिटू लागतो आणि खांदा पुढे ढकलला जातो. ही खोड एकदा जडली म्हणजे ती घालवण्यास महिने लागतात. नळीच्या तोंडाशी छिद्रांची टोपी बसवून वायूला बाजूस वळवण्याची तजवीज आता सर्रास केली जाते आणि तिने धक्का खरोखर कमी होतो. पण तिचा आवाज इतका कानठळ्या बसवणारा असतो की शिकाऱ्यास आणि त्याच्या शेजारी पडून राहिलेल्या वाटाड्यास कान झाकल्यावाचून गत्यंतर नाही.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण जॅक ओ'कॉनर (१९०२–१९७८) या ग्रंथकाराचे आहे. ॲरिझोनात जन्मलेला हा गृहस्थ तेथील विद्यापीठात पत्रकारिता शिकवीत असे, आणि पुढे ‘आउटडोर लाइफ’ या मासिकाचा बंदूकविषयक संपादक म्हणून त्याने कित्येक वर्षे लेखन केले. रानमेंढ्यांच्या मागे अर्धे आयुष्य डोंगरात काढलेल्या या माणसाने १९२५ साली निघालेल्या ‘.२७० विंचेस्टर’ या काडतुसाचा आयुष्यभर पुरस्कार केला. १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमची, गोळी सेकंदास तीन हजार फुटांहून अधिक वेगाने सोडणारे हे काडतूस त्या काळी अनेकांस फार लहान वाटे. पण त्याचा धक्का सोसण्याजोगा असे आणि गोळीचा मार्ग बराच सपाट असे, आणि डोंगरात याच दोन गुणांची गरज असते. त्याची आवडती रायफल होती विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’, हलक्या घडणीची, स्पोकेन येथील अल बीसेन या कारागिराने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवून दिलेली. वर चारपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण. हे सर्व मिळून तिचे वजन आठ पौंडांच्या, म्हणजे साडेतीन किलोंहून थोड्या अधिक वजनाच्या, आसपास भरे. आज कार्बनतंतूंचे दस्ते आणि टायटॅनियमचे सांगाडे वापरून पाच पौंडांच्या रायफली तयार होतात, आणि त्या घडवणाऱ्यांचे कौशल्य निःसंशय थोर आहे; तरीही नेमासाठी किती वजन हाती ठेवावे याबद्दल ओ'कॉनरच्या रायफलीची साक्ष मला अधिक विश्वसनीय वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न ज्याने प्रत्यक्ष जगून सोडवला, तो जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यास लंडनच्या रिग्बी पेढीची .२७५ची रायफल भेट दिली होती. अवजड दुनळी बंदूक त्याच्या संग्रही होतीच, पण कुमाऊँच्या चढउतारांवर रोजच्या सोबतीला त्याने ही हलकी रायफल पसंत केली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीचा तो अध्याय मिटला, आणि तो मिटला हे योग्यच झाले; तथापि अमेरिकेत हंगाम, संख्या आणि परवाना यांची सक्त बंधने घालून शिकार चालू ठेवली आहे, व १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली व काडतुसे यांवरील अकरा टक्के कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या संगोपनाकडे वळवले आहे, हे लक्षात घेतल्यावाचून तेथील या चर्चेचे गांभीर्य आपणास उमगणार नाही.

वजन कमी करायचेच तर ते कोठून करावे, याला महत्त्व आहे. सर्वांत सोपी जागा दुर्बिणीची. पाच पौंडांची रायफल मोठ्या किमतीस घेऊन तिच्यावर पाऊण-एक किलोची प्रचंड दुर्बीण चढवणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांनी पैसे देऊन कमी केलेले वजन पुन्हा वर नेऊन ठेवलेले असते, आणि तेही अशा उंचीवर की रायफल हातात कलंडते. दस्त्याचे वजन कमी करण्यात धोका सर्वांत कमी. नळीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. ती आखूड केली तर प्रत्येक इंचामागे गोळीचा वेग सेकंदास वीस-तीस फुटांनी घटतो. फार बारीक केली तर दोन-चार बारांत तापून गोळीची जागा सरकू लागते. शिकारीत पहिला, थंड नळीचा बारच निर्णायक असल्यामुळे हा दुसरा दोष काहीसा क्षम्य आहे, परंतु तोंडाकडे भार उरला नाही तर नेम स्थिरावत नाही. थोडा भार पुढे, डाव्या हाताकडे झुकता असावा, ही जुन्या कारागिरांची रीत अनुभवाने सिद्ध झालेली आहे.

आता अंतराविषयी. वर सांगितलेली .२७०ची रायफल दोनशे वारांवर अचूक लावली असता तीनशे वारांवर गोळी सहा-सात इंच खाली येते आणि चारशेवर दीड फुटाहून अधिक. ताशी दहा मैलांचा आडवा वारा चारशे वारांवर तिला सुमारे एक फूट बाजूस नेतो, आणि घळीच्या अल्याडचा वारा पल्याडच्या वाऱ्यासारखा असेलच याची शाश्वती डोंगरात कोणी देत नाही. उतारावरून मारताना गुरुत्वाकर्षणाचा हिशेब तिरप्या अंतराचा न धरता आडव्या अंतराचा धरावा लागतो; पंचेचाळीस अंशांच्या उतारावर चारशे वारांचे अंतर त्या दृष्टीने अवघे दोनशे त्र्याऐंशी वार ठरते, आणि हे विसरणाऱ्याची गोळी पाठीवरून निघून जाते. हे सारे आता यंत्रे मोजून देतात. परंतु पाचशे वारांवर गोळी पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो, तेवढ्यात चरणारा प्राणी एक पाऊल पुढे टाकतो, आणि फुप्फुसासाठी सोडलेली गोळी पोटात लागते. असा जखमी मेंढा कड्याआड जाऊन दोन दिवस तळमळत मरतो. ही एकच गोष्ट हलक्या रायफलीने हजार-हजार वारांवर बार टाकण्याच्या नव्या हौसेला उत्तर म्हणून मला पुरेशी वाटते. म्हणून रायफल घेण्यापूर्वी टेकडी धावत चढावी, श्वास फुललेला असतानाच पाठपिशवीवर रायफल टेकवून एकच बार टाकावा, हे निरनिराळ्या दिवशी दहा वेळा करावे, आणि ज्या अंतरापर्यंत दहाही गोळ्या एका ताटाच्या आत बसतील ती आपली हद्द मानावी.

अलास्कात डॉल जातीचा पांढरा रानमेंढा मारण्यापूर्वी त्याचे शिंग पूर्ण वळलेले आहे, किंवा दोन्ही शिंगांची टोके झडलेली आहेत, किंवा वय आठ वर्षांचे भरले आहे, याची खातरी करण्याचे बंधन असते. आणि बार यशस्वी झाल्यावर खाण्याजोगे सर्व मांस खाली आणणे कायद्याने सक्तीचे असते. तेव्हा काळोख पडू लागलेला असतो, मांसाने भरलेली पाठपिशवी पट्ट्यांनी खांदे कापत असते, पायांखालचे दगड सुटत असतात, आणि दुपारी नेमाच्या वेळी जिचे वजन हाताला हवेसे वाटले होते तीच रायफल पुन्हा खांद्यावर येते. छावणी अजून दोन सोंडा पलीकडे असते.