परमुलुखांतील सेवा

परोपकार हा सद्गुण आहे, हें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें. परंतु परोपकार करण्यासहि शिकावें लागतें, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. आपल्या गल्लींत कोणास साहाय्य करतांना ही उणीव भासत नाहीं. कारण शेजाऱ्याची भाषा, त्याच्या चालीरीति व त्याचा मानापमान आपणांस ठाऊक असतो. पण ज्यांची भाषा निराळी, अन्न निराळें, देवधर्म निराळा, अशा लोकांत एखादा तरुण सेवेसाठीं जातो, तेव्हां नुसती सदिच्छा पुरत नाहीं. ती कां पुरत नाहीं आणि तिच्या जोडीला आणखी काय लागतें, ह्याचा विचार गेल्या शंभर वर्षांतील कांहीं अनुभवांच्या आधारें येथें करावयाचा आहे.

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें, तेव्हां फ्रान्समधील व्हर्दं शहराभोंवतालचीं खेडीं तोफांच्या माऱ्यानें जमीनदोस्त झालेलीं होतीं. १९२० सालीं पिएर सेरेसोल ह्या स्विस इंजिनिअरानें निरनिराळ्या देशांतील मूठभर माणसें जमवून एस्न नांवाच्या खेड्यांत घरें उभारण्यास आरंभ केला. त्या तुकडींत जर्मन स्वयंसेवकहि होते. कालच्या शत्रूनें आज विटा वाहाव्या, हा हेतु उदात्त खरा. पण ज्यांचीं घरें व मुलगे युद्धानें हिरावून नेले, त्या गांवकऱ्यांची जखम अजून ओली होती. विरोध वाढला व कांहीं महिन्यांतच काम थांबवावें लागलें. ह्यावरून पहिला धडा मिळतो तो असा कीं, साहाय्य देणाराची इच्छा जितकी महत्त्वाची, तितकीच घेणाराची संमति महत्त्वाची आहे.

सेरेसोल निराश झाले नाहींत. त्यांच्या प्रयत्नांतून पुढें 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था वाढीस लागली. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार व नेपाळ येथें भयंकर भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. जमिनीस भेगा पडून वर आलेली वाळू शेतांवर पसरली. त्या वेळीं पन्नाशी उलटलेले सेरेसोल आपल्या कांहीं साथीदारांसह मुझफ्फरपूर जिल्ह्यांत आले, आणि १९३७ पर्यंत त्यांचें तेथें काम चाललें. शांतिपूर हें नवें गांव त्याच कामांतून वसलें. येथें ते राजेंद्रप्रसादांच्या साहाय्य-समितीशीं सहकार्य करून राबले. वास्तविक बिहारांत मजुरांची उणीव नव्हती. चार परदेशी माणसांच्या श्रमांवर त्या प्रांताचा उद्धार अवलंबून नव्हता. परंतु गोऱ्या मनुष्यानें हातांत कुदळ घेऊन हिंदी मजुराच्या शेजारीं माती उपसावी, ही गोष्ट त्या पारतंत्र्याच्या काळीं अपूर्व होती. श्रमाला कमीपणा नाहीं, हें व्याख्यानानें पटत नाहीं. तें पाहून पटतें.

ह्याच संस्थेचे नाना देशांतील स्वयंसेवक स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत आपल्या वरोड्याजवळच्या आनंदवनांतहि आले. बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं वसविलेल्या त्या वसाहतींत त्यांनीं इमारती बांधण्याचें काम केलें व तेथील रोग्यांच्या सहवासांत राहिले. ह्या रोगाचें भय तेव्हां सर्वत्र इतकें होतें कीं, वसाहतींत पिकलेल्या भाजीस गिऱ्हाईक मिळणें दुर्घट होतें. दूरदेशींचे निरोगी तरुण तेथें निःशंकपणें जेवतात-खातात, हें पाहून गांवकऱ्यांचें भय हळूहळू ओसरूं लागलें. भिंती तर कोणीहि बांधल्या असत्या. मनांतील भिंत पाडणें, हेंच त्या पाहुण्यांचें खरें काम होय.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९६१ सालीं अमेरिकेनें 'पीस कोअर' ही योजना काढली. तीत स्वयंसेवकांस आधीं त्या त्या देशाची भाषा शिकवून दोन वर्षांसाठीं पाठवीत. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नायजेरियांतील इबादान येथें शिक्षणासाठीं आलेल्या एका तरुण स्वयंसेविकेनें मायदेशच्या स्नेह्यास एक पोस्टकार्ड लिहिलें आणि त्यांत तेथील राहणीचें मागासलेपण व अस्वच्छता वर्णिली. तें कार्ड तेथील विद्यार्थ्यांच्या हातीं लागलें. त्याच्या प्रती निघाल्या, निषेधाची सभा झाली, आणि त्या बाईंस क्षमा मागून स्वदेशीं परतावें लागलें. नायजेरिया स्वतंत्र होऊन तेव्हां अवघें एक वर्ष झालें होतें. अशा राष्ट्राच्या अभिमानी तरुणांस ते शब्द कसे बोंचले असतील, ह्याची कल्पना आपणां भारतीयांस सहज येईल.

त्या स्वयंसेविकेच्या मनांत द्वेष होता, असें मुळींच नाहीं. मग असें कां घडतें? नवखा मनुष्य परमुलुखांत गेला म्हणजे प्रथम त्याला तेथें काय नाहीं तेवढेंच दिसतें. कारण त्याच्या हातांतलें माप घरून आणलेलें असतें. नळ नाहीं, दिवा नाहीं, हें डोळ्यांना तत्काळ कळतें. परंतु शेजाऱ्यासाठीं रात्र जागविणारी माणुसकी, ऋतूंचें सूक्ष्म ज्ञान, पाहुण्यास आपल्या ताटांतला घास देण्याची रीत, ह्या गोष्टी दिसण्यास भाषा यावी लागते व दिवस जावे लागतात. म्हणून भाषा शिकणें ही सेवेची पूर्वतयारी नव्हे. ती सेवेची पहिली पायरीच आहे. जो दुसऱ्याची भाषा शिकतो, तो आरंभींच त्याचा शिष्य होतो, आणि शिष्याला गर्व शोभत नाहीं.

हा अनुभव घेण्यास समुद्र ओलांडावयास पाहिजेच, असें नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतील नव्हे. संताळी व मुंडारी ह्या तिच्या बहिणी. पुण्यामुंबईचा तरुण तेथें गेला, तर आपल्याच राज्यांत तो परदेशस्थ ठरतो. आजाऱ्याला औषध द्यावयाचें, तर आधीं त्याच्या घरच्या वडील माणसाशीं दोन शब्द बोलतां आले पाहिजेत. नाहींतर औषधाची पुडी तशीच कोनाड्यांत पडून राहावयाची.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी अशा कार्यास निघेल, तर त्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. मला तेथें कोणी बोलाविलें आहे? त्यांच्या उपयोगीं पडेल असें मला काय येतें? आणि मी परतल्यावर तें काम कोण चालवील? पालकांसहि एक विनंति आहे. मुलाच्या जिवाची काळजी आपण करालच. पण परक्याच्या अंगणांत पाय ठेवतांना जोडे बाहेर काढण्याची जी रीत आपण त्याला घरीं शिकविली, तीच रीत मनाच्या बाबतींतहि त्याला शिकवा. घरचा अभिमान उंबऱ्याबाहेर ठेवून जो आंत जातो, त्याच्या हातची सेवा लोक आनंदानें स्वीकारतात. आणि असा मनुष्य देऊन येतो त्याहून अधिक घेऊन परततो.