सामने बंद, मिळकत बंद

सोलापूरकर फुटबॉलप्रेमींनो, 2020 च्या लॉकडाऊनमधली ही खरी गोष्ट वाचाच.

घानाचा 23 वर्षांचा एक खेळाडू केरळच्या क्लबकडून सामन्यामागे दोन-तीन हजार रुपयांवर खेळायचा. मायदेशी परतायला तो मार्चमध्ये मुंबईत आला आणि विमानंच बंद झाली. खिसा रिकामा. सुमारे 74 दिवस त्याने विमानतळाच्या आवारात काढले. तिथले कर्मचारी त्याला खाऊ घालत. ट्विटरवर बातमी फिरली, आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली आणि जूनमध्ये वांद्र्याच्या हॉटेलात त्याची सोय झाली.

निमव्यावसायिक फुटबॉलचं गणित असंच नाजूक असतं. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात ते तिकीट, बक्षिसं आणि देणगीदारांच्या जिवावर. मैदानाला कुलूप लागलं की तिन्ही वाटा एकदम बंद!

फिफाने 2020 मध्ये दीड अब्ज डॉलरची मदत योजना मंजूर केली, पण ती राष्ट्रीय संघटनांमार्फत. हाती लेखी करारच नसेल, तर खेळाडूने हक्क सांगायचा कशाच्या आधारावर?

म्हणून पार्क मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांना आवर्जून सांगा: करार लेखी करा, विमा काढा. आणि क्लबांनो, प्रत्येक स्पर्धेतून थोडी रक्कम अडीनडीसाठी बाजूला ठेवा. खेळाडू जगला, तरच खेळ जगेल.