आजोबांची डायरी आणि माझी 'पक्की' आठवण

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आम्ही सांगलीत राहायचो. त्या रात्रीचं मला सगळं लख्ख आठवतं. आजोबा खुर्चीत, मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर, आणि समोर टीव्हीवर ताजच्या घुमटातून निघणारा धूर. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा झोप आता, शाळा आहे उद्या." आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या ज्या मोजक्या आठवणी मी जपून ठेवल्यात, त्यातली ही पहिली.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना त्यांच्या डायऱ्या सापडल्या. दुधाचा हिशोब, कोण आलं, कोण गेलं, असं सगळं. मी मुद्दाम 2008 ची उघडली. त्या तारखेला लिहिलं होतं: नाशिक, डोळ्याचं ऑपरेशन झालं, उद्या पट्टी काढणार. म्हणजे आजोबा आत्याकडे नाशिकला होते आणि डिसेंबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत तिथेच होते.

गंमत म्हणजे मी स्मृतीच्या मेंदूविज्ञानातच पीएचडी करतेय. तरी माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? "आजोबांनी तारीख चुकून लिहिली असेल!"

तर आज या पक्क्या वाटणाऱ्या आठवणींबद्दल.

1977 साली ब्राउन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब' आठवणी म्हटलं. धक्कादायक बातमी कळली की मेंदू जणू फोटो काढून ठेवतो, अशी ती कल्पना. उलरिक नायसर यांना हे पटलं नाही, कारण त्यांची स्वतःची आठवणच घोटाळ्याची निघाली होती. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, ती बातमी आपण रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकताना ऐकली, असं त्यांना अनेक वर्षं वाटत होतं. मग एक दिवस लक्षात आलं की अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉलचा हंगामच नसतो!

28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर आणि निकोल हार्श यांनी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच वर्षांहून जास्त काळ गेल्यावर त्यातल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 7 पैकी सरासरी गुण आले 2.95. 11 जणांना तर शून्य, म्हणजे एकही मुख्य तपशील जुळला नाही. पण "तुमची किती खात्री आहे?" याला 5 पैकी सरासरी 4.17! पहिल्यांदा 'वर्गात कळलं' असं लिहिणारे काही जण आता 'टीव्हीवर पाहिलं' म्हणत होते. त्यांना त्यांचं स्वतःचं अक्षर दाखवलं, तरी मूळ आठवण परत आली नाही. हे वाचताना मला माळ्यावरची मी आठवते.

मग धक्कादायक आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त बिघडतात का? तसंही नाही. 12 सप्टेंबर 2001 ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, टॅलरिको आणि रुबिन यांनी ड्यूक विद्यापीठातल्या 54 विद्यार्थ्यांच्या दोन आठवणी नोंदवल्या: एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच सुमाराच्या एखाद्या रोजच्या प्रसंगाची. पुढचे काही महिने तपासलं, तर दोन्ही आठवणींचे तपशील सारख्याच वेगाने घसरत होते. फरक एवढाच की हल्ल्याच्या आठवणीबद्दलचा विश्वास घसरत नव्हता. म्हणजे भावना आठवणीला अचूक करते असं नाही. ती आपल्याला खात्री मात्र देते.

हे होतं कसं? आठवण कपाटात ठेवलेल्या फाइलसारखी नसते. प्रसंगातली दृश्यं, आवाज, माणसं यांचे धागे मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि आठवताना ते नव्याने जोडले जातात. हिप्पोकॅम्पस या भागाचं त्यात मोठं काम असतं. या जोडणीत शेजारचा एखादा धागा सहज घुसतो. 2000 साली करीम नाडर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक आवाज ऐकू आला की शॉक बसतो, हे उंदीर शिकले होते. नंतर तो आवाज पुन्हा ऐकवून लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं, तर पुढे त्यांची भीती कमी झाली. आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं, तर काही फरक पडला नाही. म्हणजे जागी झालेली आठवण थोडा वेळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. उंदराची भीती आणि माझे आजोबा यांत बरंच अंतर आहे, हे मान्य. पण आठवणं म्हणजे नुसतं वाचणं नाही, हा मुद्दा त्यातून नीट कळतो.

घरात याने फार तर एखादं भांडण होतं. कोर्टात माणसाचं आयुष्य जातं. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन यांना 1984 मध्ये पीडितेने बलात्कारी म्हणून ओळखलं. सुरुवातीला ती अडखळली होती; कोर्टात मात्र तिची पूर्ण खात्री होती. 1995 मध्ये डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. ती खोटं बोलत नव्हती, हेच यातलं भयंकर. म्हणून साक्षीदार बेभरवशाचेच असतात का? 2017 मध्ये विक्स्टेड आणि वेल्स यांनी बरंच संशोधन एकत्र तपासून सांगितलं की ओळखपरेड नीट घेतली असेल, तर पहिल्याच वेळी दाखवलेल्या खात्रीला चांगला अर्थ असतो. पुन्हा पुन्हा विचारून, "बरोबर ओळखलंत" असं सांगून फुगवलेल्या खात्रीला नाही. थोडक्यात, लवकर विचारा, उत्तर सुचवू नका, आणि पहिलं उत्तर शब्दशः लिहून ठेवा.

तुम्हीही करून बघा. घरातला एखादा मोठा प्रसंग घ्या, भावंडांशी आधी काही न बोलता प्रत्येकाने तो वेगवेगळा लिहा, मग कागद शेजारी ठेवा. "तू तेव्हा असंच म्हणाला होतास!" हे वाक्य पुढच्या वेळी जरा सांभाळून तोंडातून निघेल.

आणि माझी आठवण? आई म्हणते, त्या रात्री मी नऊलाच झोपले होते. (अर्थात आईची आठवणही आठवणच!) ताजची ती दृश्यं नंतर टीव्हीवर शेकडो वेळा दाखवली, आणि आजोबांच्या पायाशी बसून मी रोजच बातम्या बघायचे. दोन खऱ्या गोष्टींची कधीतरी गाठ पडली असावी. ती रात्र तशी घडली नव्हती, हे मी आता मान्य केलंय. डोक्यावरचा हात मात्र कुठल्या ना कुठल्या रात्रीचा असणारच. डायरीत त्याची नोंद नाही, कारण तो रोजचाच होता.